पोचक्रमांकाच्या अलीकडचे नागरिक

बेंगळुरूच्या बाह्यवळण रस्त्यालगतचे बेळ्ळंदूर हे देशाच्या संगणक-व्यवसायाचे एक मोठे ठाणे. फ्लिपकार्टचे मुख्यालय याच परिसरात आहे. देशभरातले ग्राहक ज्या पडद्यांवर रोज बोट फिरवतात, त्यांतले पुष्कळसे इथल्या काचेच्या इमारतींमध्ये आखले जातात. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला म्हणून मी इथे आलो. या इमारतींपासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, बेळ्ळंदूरच्या जुन्या वस्तीत, एक लहानसे दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे फोटो, लॅमिनेशन आणि 'सर्व सरकारी अर्ज भरून मिळतील' अशी त्याची कन्नड पाटी. त्या दुकानात मी गेल्या वर्षी तीनदा जाऊन बसलो आणि प्रशासनाविषयी जे शिकलो, ते सेवेत असताना मला कोणी शिकवले नव्हते.

निमित्त घरच्या कामाचे होते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातल्या. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारपाजारी दखनी बोलणाऱ्या. एका कल्याण योजनेचा त्यांचा अर्ज भरायचा होता. आयुष्यभर शासकीय नमुने तयार करण्यात गेल्यामुळे हे काम मी हौसेने अंगावर घेतले. दोन संध्याकाळी प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा हरलो. एकदा ओटीपी आला तो मुदत संपल्यावर. दुसऱ्यांदा सगळी माहिती भरून झाल्यावर 'आपले सत्र समाप्त झाले आहे' एवढेच वाक्य उरले आणि भरलेले सारे पुसले गेले. बाईंनी फार वाईट वाटून घेतले नाही. 'आपण दुकानात जाऊ काका, त्यांना जमतंय,' म्हणाल्या.

दुकानदाराकडे दोनशे पानांची एक वही होती. खेपेमागे पन्नास रुपये घेऊनही काम झाले नाही, तर गिऱ्हाईक भांडते. म्हणून तो प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद ठेवत असे. तारीख, वेळ, योजनेचे नाव आणि शेवटी दोन-तीन शब्द: 'सर्व्हर नाही', 'नाव जुळत नाही', 'फोटो घेत नाही', 'ओटीपी जुन्या नंबरवर'. आमच्या कचेऱ्यांमध्ये येणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद आवक बारनिशीत होत असे. या वहीत नोंद होती ती कचेरीपर्यंत पोचू न शकलेल्या कागदांची. अशी बारनिशी कोणत्याही खात्यात ठेवलेली मी पाहिली नाही.

संकेतस्थळ चांगले कशाने ठरते, या प्रश्नाची ठरीव उत्तरे सर्वांना पाठ आहेत. पान झटकन उघडावे, अक्षर वाचता यावे, हवे ते दोन-तीन टप्प्यांत सापडावे, मोबाइलच्या लहान पडद्यावर बसावे, भाषा सोपी असावी. हे सारे खरे आहे आणि नवे नाही. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये निघाली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तीत या बहुतेक गोष्टी शिस्तवार लिहिलेल्या आहेत. नियम आहेत, निधी आहे, आणि ज्या शहरात जगभरची प्रणाली लिहिली जाते तिथे कुशल माणसांची वाण आहे असे कोण म्हणेल? मग बेळ्ळंदूरच्या त्या इमारतींमध्ये बनलेल्या पडद्यावर औरादच्या बाई भाजी मागवू शकतात आणि स्वतःच्या हक्काचा अर्ज मात्र भरू शकत नाहीत, असे का व्हावे?

माझे उत्तर असे आहे की, भाजी विकणाऱ्याला अर्धवट सोडून गेलेला ग्राहक दिसतो. तो कोणत्या पानावर थांबला, कुठे अडला, किती सेकंदांनी निघून गेला हे त्याच्यापुढे रोज सकाळी मांडले जाते, कारण त्या प्रत्येक जाण्यात त्याचा तोटा आहे. अर्ज अर्ध्यावर सोडून गेलेला नागरिक शासनाला दिसतच नाही.

कर्नाटकापुरते बोलायचे तर हे राज्य एके काळी याबाबतीत देशाच्या पुढे होते. 'भूमी' प्रकल्पाने सुमारे दोन कोटी भूमिअभिलेख संगणकावर आणले. ६७ लाखांच्या आसपास जमीनधारकांच्या नोंदी त्यात होत्या. आपल्याकडे सातबारा, तशी तिथे पहाणी. पूर्वी तिच्यासाठी गावच्या लेखापालाच्या मागे फिरावे लागे, आणि अशा सुमारे नऊ हजार लेखापालांच्या हाती ही दप्तरे होती. भूमीनंतर तालुका कचेरीतल्या खिडकीवर १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. हस्तलिखित उतारा बेकायदा ठरवला गेला, म्हणजे मागचे दार बंद झाले. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, अशी व्यवस्था प्रणालीतच बसवली गेली.

या प्रकल्पातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र अगदी साधी आहे. खिडकीवर दोन पडदे होते. एक कर्मचाऱ्याकडे तोंड केलेला, दुसरा शेतकऱ्याकडे. कर्मचारी काय टंकतो आहे, कोणती नोंद उघडतो आहे, हे समोर उभ्या माणसाला त्याच वेळी दिसत असे. भूमी सुरुवातीला संकेतस्थळ नव्हतेच. पण 'येणाऱ्याला काय दिसते' हा प्रश्न तिच्या कर्त्यांनी विचारला होता आणि त्याचे उत्तर खर्च करून, जागच्या जागी एक जादा पडदा ठेवून दिले होते. पुढे घरोघरी पडदे आले, आणि हा दुसरा पडदा कुठेतरी हरवला. आता नागरिकाला फक्त स्वतःची बाजू दिसते. आत त्याच्या अर्जाचे काय चालले आहे, ते 'प्रक्रियेत आहे' या दोन शब्दांच्या आड.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे विषयांतर करतो. 'सातबारा' हा शब्द मुळात काय आहे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, अशा दोन सरकारी फॉर्मांचे क्रमांक. सरकारी फॉर्मचा क्रमांक लोकांच्या तोंडी इतका बसावा की त्याचा वाक्प्रचार व्हावा, असे जगात फार ठिकाणी घडले नसेल. एकाच कागदावर जमीन कोणाची, बोजा कोणाचा आणि पीक कोणते, हे तिन्ही प्रश्न सुटत. निरक्षर कुणब्यालाही आपल्या कागदाचे कोणते रकाने कोणाकडून वाचून घ्यायचे ते ठाऊक असे. पान आखण्याची कला संगणकाबरोबर जन्मली, हा समज त्यामुळे मला कधी पटला नाही.

भूमीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका अभ्यासात असे मांडले की, नोंदी गावातून उठून वरच्या पातळीवर एकवटल्याने लहान शेतकऱ्याचा जाच कमी झालाच असे नाही. उलट बेंगळुरूभोवतीच्या जमिनी घेऊ पाहणाऱ्या बड्या खरेदीदारांची सोय झाली. या निष्कर्षावर वाद झाले, आणि तो पूर्णपणे मान्य करावा असे मलाही वाटत नाही. पण शेतांच्या जागी तंत्रज्ञान-उद्याने उभी राहिलेल्या बेळ्ळंदूरमध्ये बसून तो वाचला की, 'सोय कोणाची' हा प्रश्न टाळता येत नाही. एकच पान एकाला सोपे आणि दुसऱ्याला अवघड असू शकते. वकील आणि मुनीम पदरी असलेल्याला कोणतेच संकेतस्थळ अवघड नसते.

आता कायद्याकडे वळू. कर्नाटकाने २०११ मध्ये सेवाहमीचा कायदा केला आणि २०१२ पासून 'सकाल' या नावाने तो अमलात आणला. सकाल म्हणजे योग्य वेळी. अर्ज स्वीकारला की पंधरा अंकी क्रमांक मिळतो, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपयांपर्यंत, भरपाई मागता येते. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. दोन्ही कायदे चांगले आहेत; त्यांच्यासाठी झगडलेल्या अधिकाऱ्यांपैकी काहींना मी जवळून ओळखतो. पण दोन्हींचे घड्याळ सुरू होते ते सर्व कागदपत्रांसह अर्ज दाखल झाल्यावर. पोचक्रमांक हाती पडेपर्यंत नागरिक कायद्याच्या दृष्टीने आलेलाच नसतो. जुन्या कचेरीत आवकचा लिपिक कागद घ्यायला नाही म्हणाला, तर निदान साहेबाच्या दालनापर्यंत जाऊन आरडाओरडा करता येई. मी स्वतः अशा आरड्याओरड्याने दोनदा खुर्चीवरून उठून बाहेर आलो आहे. 'सत्र समाप्त झाले' या वाक्यावर कोणाकडे ओरडणार?

याहून वाईट एक गोष्ट आहे, आणि तिचा दोष माझ्याकडेही येतो. मी ज्या खात्यात होतो त्याच्या संकेतस्थळाच्या तळाशी 'भेट देणाऱ्यांची संख्या' दाखवणारा आकडा होता. तो वाढला की आम्ही तो वार्षिक अहवालात घालत असू, मंत्रिमहोदयांच्या भाषणात घालत असू. एका वर्षी तो एकदम फुगला. पुढे कळले की, एका सेवेचे पान महिनाभर बिघडलेले होते आणि तेच तेच लोक पुन्हा पुन्हा येऊन प्रयत्न करत होते. नऊ वेळा हरलेला एक माणूस आमच्या हिशेबात नऊ अभ्यागत ठरला होता. अहवाल तोवर छापून झाला होता आणि आम्ही तो बदलला नाही.

दुकानदाराच्या वहीत सर्वाधिक वेळा आढळलेले शब्द होते 'नाव जुळत नाही'. फॉर्मवर तीन चौकटी असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मराठी माणसाला यात काही अवघड वाटत नाही, कारण त्याचे नाव योगायोगाने तीन तुकड्यांचे आहे. पण दक्षिणेत नावाआधी आद्याक्षरे येतात, कित्येकांना आडनावच नसते, आणि उत्तर कर्नाटकातल्या स्त्रीच्या नावापुढे एका कागदावर पती, दुसऱ्यावर पिता, तिसऱ्यावर गाव असते. कर्नाटकाच्या जमिनीच्या कागदांत आजही 'अमुक बिन तमुक', 'अमुक कोम तमुक' असे लिहिलेले सापडते: बिन म्हणजे चा मुलगा, कोम म्हणजे ची बायको. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांत हेच दोन शब्द मी विद्यार्थिदशेत वाचले होते. ते बेळ्ळंदूरच्या झेरॉक्सच्या दुकानात पुन्हा भेटतील असे वाटले नव्हते. तर औरादच्या बाईंच्या शिधापत्रिकेत कोम होता, आधार कार्डावर आडनाव होते आणि बँकेत नुसते नाव. माणूस एकच आहे याविषयी दुकानातल्या कोणालाच शंका नव्हती. शंका फक्त यंत्राला होती, आणि ती कशी फेडायची हे त्या पानावर कुठेही लिहिलेले नव्हते. 'माहिती जुळत नाही' हे लाल अक्षरांतले वाक्य कोणती माहिती, कशाशी आणि आता पुढे काय, हे सांगत नाही. चांगले संकेतस्थळ ओळखण्याची माझी कसोटी आता हीच आहे. सारे सुरळीत असताना ते कसे दिसते, यापेक्षा चूक झाल्यावर ते माणसाशी काय बोलते हे मी आधी पाहतो.

दुसरी अडचण आधी ओळख मागण्याची. आपण पात्र आहोत की नाही एवढेच जाणून घ्यायचे असले, तरी आधी खाते उघडा, संकेतशब्द ठरवा, त्यात एक मोठे अक्षर आणि एक चिन्ह घाला. अमेरिकेने हा धडा महागात घेतला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तिथल्या आरोग्यविम्याचे बहुचर्चित संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली. कारणे अनेक होती, पण त्यांतले एक असे की, विम्याच्या योजना नुसत्या पाहण्यासाठीही आधी खाते उघडणे सक्तीचे केले होते आणि सारी गर्दी त्या एकाच दाराशी कोंडली. दुकानात शिरण्याआधी गिऱ्हाइकाचे रेशनकार्ड मागणारा वाणी आपण पाहिलेला नाही.

लसीकरणाच्या वेळी आपल्याकडेही हे दार दिसले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविनवर आगाऊ नोंदणी आवश्यक झाली आणि ते पान तेव्हा इंग्रजीत होते. संगणकाशी रोजचा संबंध असलेल्या शहरी तरुणांनी वेळा पटकावल्या, काहींनी त्यासाठी दूरच्या खेड्यांतली केंद्रे गाठली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दरीवर बोट ठेवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मराठी, कन्नड, हिंदी आदी भाषा आल्या आणि थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची वाटही टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. सुधारणा इतकी झटपट होऊ शकते, ही त्यातली आशादायक बाब. मात्र ती व्हावी म्हणून साथीचा कहर आणि सर्वोच्च न्यायालय, दोन्ही लागले.

न्यायालय यापुढेही गेले आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, अपंगांसाठीच्या सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस ठेवणारा नियम रद्द ठरवून ते बंधनकारक करण्याचा आदेश दिला गेला. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला. त्या प्रकरणात आम्लहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांचा प्रश्न होता: ओळख पटवताना यंत्र 'डोळे मिचकावा' म्हणते, आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांचे बँकेतले खातेच उघडत नाही. फॉर्ममधली एक ओळ माणसाला केवढ्या अंतरावर ढकलू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या माहितीत नाही.

ब्रिटनने २०१२ च्या ऑक्टोबरात आपली विखुरलेली सरकारी संकेतस्थळे एका पत्त्याखाली आणायला सुरुवात केली. त्या स्थळावर पंतप्रधानांचे हसरे छायाचित्र नव्हते, सरकती पट्टी नव्हती. काळी अक्षरे, पांढरे पान आणि 'तुम्हाला काय करायचे आहे' याची यादी. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातली सर्वोत्कृष्ट रचना म्हणून याच रुक्ष पानाला पुरस्कार दिला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला हिशेब. प्रत्येक सेवेने चार आकडे मोजून जाहीर करावेत असे ठरले: एका व्यवहाराचा खर्च, लोकांचे समाधान, ऑनलाइन करणाऱ्यांचे प्रमाण आणि सुरू केलेल्यांपैकी किती जणांचे काम शेवटास गेले. हा चौथा आकडा म्हणजे दुकानदाराची वही.

आपल्याकडे तो आकडा मागायला काहीच अडचण नाही. यंत्रात त्याची नोंद आपोआप होत असते, फक्त ती कोणी वर मागवत नाही. निविदेत संकेतस्थळ उभारण्याचे आणि चालू ठेवण्याचे पैसे ठरतात. किती टक्के नागरिकांचे काम पूर्ण झाले यावर देयक अवलंबून असल्याची निविदा माझ्या कारकिर्दीत माझ्यापुढे आली नाही, आणि मीही कधी काढली नाही. सकाल किंवा लोकसेवा हक्काच्या नियमांत एवढीच दुरुस्ती पुरे: प्रत्येक सेवेचे सुरू झालेले आणि अपुरे राहिलेले अर्ज, ते कोणत्या टप्प्यावर अडले यासह, दरमहा जाहीर करावेत, आणि पहिल्या चौकटीत बोट ठेवताच तात्पुरता क्रमांक द्यावा, म्हणजे भरलेले पुसले जाणार नाही आणि घड्याळही तिथून धावू लागेल. यातून नागरिकांवर पाळत ठेवली जाईल, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे, म्हणून टप्प्यांची संख्या मोजावी, माणसांची नावे नकोत. मदत-केंद्रे आहेत ना, असे माझे जुने सहकारी म्हणतील. आहेत, आणि ती हवीतच. पण आपले काम आपण करू शकणाऱ्यालाही जेव्हा केंद्रावर जावे लागते, तेव्हा तो पन्नास रुपयांचा कर आहे आणि त्याची पावती मिळत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूरला पुराने वेढले होते. संगणक-अभियंते ट्रॅक्टरवर बसून कामाला निघाल्याची छायाचित्रे देशभर गेली. त्या रात्री मला एकाच गोष्टीचा शोध होता: पाणी अजून चढणार का, आणि चढले तर कोणाला हाक मारायची. ज्या पानावर हे असायला हवे होते तिथे एका उद्घाटनाची छायाचित्रे आळीपाळीने सरकत होती आणि 'नवीन' हा लाल शब्द निविदांच्या शेजारी लुकलुकत होता. क्रमांक शेवटी वॉचमनने दिला.

बाईंचा अर्ज तिसऱ्या खेपेला गेला. शिधापत्रिकेवरचे नाव बदलून घेण्यासाठी मध्ये त्यांना औरादला जाऊन यावे लागले. चार दिवसांची मजुरी आणि एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे. दुकानात पडद्याकडे पाठ करून त्या बाकावर बसल्या होत्या, कारण तो पडदा दुकानदाराच्या बाजूलाच होता. 'नंबर आला का वो काका?' त्यांनी मला विचारले. आला होता. पहिल्या प्रयत्नापासून तो अडुसष्टावा दिवस होता, आणि योजनेचा लाभ अर्ज दाखल झाल्याच्या महिन्यापासून मिळतो. दुकानदाराने वहीत त्यांच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, पन्नास रुपये घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन मागितला, ओटीपीसाठी.